ड्राउट-प्रोन म्हणजे काय? 'अवर्षणप्रवण' या शब्दाचा अर्थ, उगम आणि शिरूर-दौंडमधील वापर

पाऊस लांबला की शिरूर आणि दौंड या तालुक्यांची नावे बातम्यांत आणि समाजमाध्यमांवर हमखास येतात. कोणी लिहिते 'ड्राउट-प्रोन', कोणी 'दुष्काळग्रस्त', कोणी 'दुष्काळसदृश'. पोस्ट पुढे पाठवणाऱ्याला हे तिन्ही शब्द सारखेच वाटतात. तलाठी कार्यालयात, बँकेत किंवा महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात मात्र या तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. एका शब्दावर कर्जाची वसुली थांबते आणि दुसऱ्यावर थांबत नाही. म्हणून हे इंग्रजी विशेषण नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजून घेणे उपयोगाचे ठरते.

थोडक्यात अर्थ

ड्राउट-प्रोन म्हणजे जिथे पावसाची मोठी तूट वारंवार पडते, पडण्याचा संभव कायम असतो, असा प्रदेश. मराठीत यासाठी 'अवर्षणप्रवण' हा शब्द रूढ आहे. हे विशेषण त्या प्रदेशाचा स्वभाव सांगते. या वर्षी तिथे दुष्काळ आहे की नाही, हे त्यातून कळत नाही.

एखाद्या माणसाला वारंवार सर्दी होते असे म्हटले, तर आज त्याला सर्दी झाली आहे असा अर्थ निघत नाही. तसेच इथेही आहे. अवर्षणप्रवण तालुक्यात एखाद्या वर्षी भरपूर पाऊस पडू शकतो, नदीला पूरही येऊ शकतो. तरी तो तालुका अवर्षणप्रवणच राहतो.

उच्चार आणि व्याकरण

या शब्दाचा उच्चार 'ड्राउट' असा आहे. 'ड्रॉट' किंवा 'ड्रॉफ्ट' नाही. इंग्रजीत जवळपास तशाच स्पेलिंगचा, फक्त एका अक्षराने वेगळा असा दुसरा शब्द आहे. त्याचा उच्चार 'ड्राफ्ट' होतो आणि अर्थ वाऱ्याचा झोत. घाईत टाइप करताना या दोघांची गल्लत होते.

'प्रोन' हा शब्द इंग्रजीत दोन प्रकारे येतो. एक म्हणजे 'प्रोन टू' अशा रचनेत: 'धिस एरिया इज प्रोन टू ड्राउट', म्हणजे या भागात अवर्षणाचा संभव नेहमी असतो. दुसरा प्रकार जोडशब्दाचा: ड्राउट-प्रोन, फ्लड-प्रोन, अॅक्सिडेंट-प्रोन. नामाच्या आधी वापरताना मध्ये जोडरेघ देतात.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'प्रोन' सहसा नकोशा गोष्टींसाठीच वापरतात. 'तो यशाला प्रोन आहे' असे कोणी म्हणत नाही. आजार, चुका, अपघात, पूर, अवर्षण यांच्याच शेजारी हा शब्द शोभतो.

शब्द आला कुठून?

'ड्राउट' हा जुना इंग्रजी शब्द आहे. कोरडे या अर्थाचा 'ड्राय' आणि 'ड्राउट' यांचे मूळ एकच. म्हणजे शब्दाचा गाभा कोरडेपणा हा आहे. भूक, उपासमार किंवा पिकाचे नुकसान हे अर्थ त्याला नंतर संदर्भाने चिकटले.

'प्रोन' लॅटिन भाषेतून आला. लॅटिनमध्ये 'प्रोनस' म्हणजे पुढे झुकलेला, खाली कललेला, पालथा. इंग्रजीत साधारण १५ व्या शतकापासून 'कल असलेला' या अर्थाने तो वापरात आहे. पालथे पडलेले शरीर हा अर्थही पुढे इंग्रजीत रुळला. करोनाच्या साथीत तो मराठी घरांपर्यंत पोचला. एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णाला पोटावर झोपवण्याच्या पद्धतीची माहिती प्रसिद्ध केली होती. त्या पद्धतीचे नाव 'प्रोनिंग'. रुग्णालयातले 'प्रोनिंग' आणि तालुक्याचे 'ड्राउट-प्रोन' यांतला शब्द एकच आहे.

मराठीतला 'प्रवण' संस्कृतातून आला. त्याचा मूळ अर्थ उतरता, उताराचा, एका बाजूला कललेला. विज्ञानाच्या परिभाषेत 'ग्रेडियंट'साठी 'प्रवणता' हा शब्द वापरतात, तो याच अर्थाने. लॅटिनचा 'प्रो' आणि संस्कृतचा 'प्र' हे उपसर्ग भाषाशास्त्रात एकाच मुळाचे मानले जातात. त्यामुळे ड्राउट-प्रोनसाठी 'अवर्षणप्रवण' हा शब्द ज्यांनी योजला, त्यांनी अर्थाबरोबर शब्दातले चित्रही राखले. उतारावर पाणी जसे आपोआप खाली जाते, तसा हा प्रदेश अवर्षणाकडे कललेला आहे, असे ते चित्र.

जोडशब्दात 'प्रोन' वापरण्याची पद्धत २० व्या शतकात फार वाढली. १९२६ मध्ये ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ एरिक फार्मर आणि ई. जी. चेंबर्स यांनी कारखान्यांतील अपघातांचा अभ्यास करताना अपघाताकडे कल असण्याची कल्पना मांडली. काही कामगारांना इतरांपेक्षा जास्त अपघात होतात, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे या कल्पनेवर टीका झाली. दोष यंत्रात किंवा कामाच्या पद्धतीत असला, तरी या शब्दामुळे तो माणसाच्या स्वभावावर जातो, असा आक्षेप होता. हा आक्षेप पुढे शिरूर-दौंडच्या संदर्भातही कामी येतो.

दुष्काळ, अवर्षण आणि टंचाई

इंग्रजीत कोरडेपणासाठी 'ड्राउट' आणि अन्नावाचून होणाऱ्या हालांसाठी 'फॅमिन' असे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत बोलताना दोन्हींना 'दुष्काळ' म्हणतात. दुष्काळ म्हणजे शब्दशः वाईट काळ. म्हणूनच मराठीत 'ओला दुष्काळ' असाही शब्दप्रयोग होऊ शकतो. अतिवृष्टीने पीक गेले तरी काळ वाईटच. इंग्रजीत 'वेट ड्राउट' म्हटले तर ऐकणारा गोंधळेल, कारण कोरडेपणा ओला कसा असेल?

'अवर्षण' हा शब्द मात्र नेमका आहे. अ म्हणजे नाही, वर्षण म्हणजे पाऊस पडणे. त्यामुळे 'ड्राउट-प्रोन'ला 'दुष्काळप्रवण' म्हणण्यापेक्षा 'अवर्षणप्रवण' म्हणणे अधिक अचूक.

तिसरा शब्द 'टंचाई'. याला महाराष्ट्रात कायद्याचा इतिहास आहे. इंग्रजी राजवटीत 'फॅमिन' जाहीर झाला की फॅमिन कोडप्रमाणे सरकारवर कामे काढण्याची आणि मदत देण्याची जबाबदारी येत असे. १९६३ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने एक कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकला आणि त्या जागी 'स्कॅर्सिटी', म्हणजे टंचाई, हा शब्द घातला. शेतीच्या स्थितीवर शासनाचे सतत लक्ष असते आणि वेळीच उपाय होतात, म्हणून आता तशी वेळ येणार नाही, अशी त्यामागची भूमिका होती. त्यानंतर दहा वर्षांच्या आत १९७२ चा दुष्काळ आला. कागदावर ती टंचाई होती. लोकांच्या बोलण्यात तो आजही 'बहात्तरचा दुष्काळ'च आहे.

तालुका 'प्रवण' कधी ठरतो?

भारतीय हवामानशास्त्रात यासाठी पावसाच्या आकड्यांवर आधारलेली व्याख्या आहे. ज्या वर्षी सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी पाऊस पडतो, ते अवर्षणाचे वर्ष. असे वर्ष येण्याची शक्यता २० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर तो प्रदेश अवर्षणप्रवण. ही शक्यता ४० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर तो कायमचा किंवा तीव्र अवर्षणप्रवण.

साध्या भाषेत सांगायचे तर दर पाच वर्षांत एकापेक्षा जास्त वेळा पाऊस दगा देत असेल, तर तो भाग अवर्षणप्रवण. याचाच दुसरा अर्थ असा, की उरलेली बरीच वर्षे तिथे बरा पाऊस पडतो. हा अर्थ बहुतेक पोस्टमधून गळून जातो.

हे विशेषण सरकारी कामकाजात पक्के बसले ते १९७० च्या दशकात. केंद्र सरकारचा ग्रामीण कामांचा कार्यक्रम १९७०-७१ मध्ये सुरू झाला होता. १९७३-७४ मध्ये त्याला 'ड्राउट प्रोन एरियाज प्रोग्राम' असे नाव मिळाले. मराठीत तो 'अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम'. महाराष्ट्रात १९७३ मध्ये सुखठणकर समितीने टंचाईग्रस्त भागांची पाहणी केली आणि १९८७ मध्ये सुब्रमणियन समितीने यादीचा फेरविचार केला. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर आणि पुरंदर हे तालुके अवर्षणप्रवण म्हणून ओळखले जातात.

या कार्यक्रमाचा भर रोख मदतीवर नव्हता. मृदसंधारण, नालाबांध, पाझर तलाव, वनीकरण अशी कामे त्यातून होत. १९९४ मध्ये सी. एच. हनुमंत राव समितीचा अहवाल आला आणि पुढच्या वर्षीपासून पाणलोट हा कामाचा पाया ठरला. २००९ मध्ये हा कार्यक्रम एकात्मिक पाणलोट व्यवस्थापन कार्यक्रमात विलीन झाला. त्या नावाचा कार्यक्रम संपला, पण विशेषण तालुक्यांना चिकटून राहिले.

शिरूर आणि दौंड अवर्षणप्रवण का?

पहिले कारण सह्याद्री. नैऋत्य मोसमी वारे घाटमाथ्यावर पाऊस ओततात. लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, शिरूर आणि दौंडमध्ये, तो साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. डोंगराच्या आड असलेल्या या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

दुसरे कारण पावसाची वाटणी. इथला बराच पाऊस सप्टेंबरमध्ये, परतीच्या मोसमात पडतो. रब्बीची ज्वारी त्याच ओलीवर उभी राहते. हस्ताचा पाऊस चुकला तर जूनमधल्या चांगल्या सरींचा रब्बीला फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे वर्षाची सरासरी गाठली गेली तरी पीक हातचे जाऊ शकते.

पण नकाशावर पाहिले तर हेच तालुके पाण्याने वेढलेले दिसतात. शिरूर गाव घोड नदीच्या काठी आहे, म्हणून त्याला घोडनदी असेही म्हणतात. भीमा शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांच्या मधून वाहते आणि दौंड शहर तिच्याच काठी आहे. शिरूर तालुक्यात चिंचणीला घोड धरण आहे. चासकमान आणि डिंभे या धरणांचे कालवे शिरूरमध्ये येतात. खडकवासल्याचा नवा मुठा उजवा कालवा हवेलीतून दौंडमार्गे इंदापूरकडे जातो. दौंडच्या पूर्व टोकाला उजनीचे पाणी पोचते. शिरूरमध्ये न्हावरे आणि दौंडमध्ये पाटस इथे साखर कारखाने उभे राहिले, ते याच पाण्यावरच्या उसामुळे.

म्हणजे एकाच तालुक्यात दोन तालुके आहेत. एक बागायती, नदी आणि कालव्याकाठचा. दुसरा जिरायती. शिरूरच्या पश्चिमेकडचा केंदूर, पाबळ, कान्हूर मेसाईचा भाग आणि दौंडच्या दक्षिणेकडचा कुरकुंभ, पडवी, वासुंदे, रोटीचा पट्टा हा या दुसऱ्या प्रकारात मोडतो. दौंडच्या याच बाजूला पाणी पोचवण्यासाठी वरवंडच्या तलावातून पाणी उचलणारी जनाई-शिरसाई उपसा सिंचन योजना आहे. पाबळलाच डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. कोरडवाहू खेड्यातल्या मुलांनी हाताने काम करत शिकावे आणि तिथेच रोजगार उभा करावा, हा त्यामागचा विचार होता.

इथे फार्मर-चेंबर्स यांच्या शब्दावरचा आक्षेप आठवतो. 'अवर्षणप्रवण' हे विशेषण पूर्ण तालुक्याला लागते आणि सगळा दोष पावसावर आणि जमिनीवर टाकते. पाऊस कमी पडतो हे खरेच. पण कालव्याचे आवर्तन कोणापर्यंत पोचते, टेलच्या गावाला किती मिळते, शहराला किती जाते, उसाला किती लागते, हे माणसांनी ठरवलेले असते. ते या शब्दात दिसत नाही. कालव्यावरचा शेतकरी आणि टँकरची वाट पाहणारी वाडी दोघेही कागदावर सारखेच अवर्षणप्रवण ठरतात.

प्रवण, सदृश आणि जाहीर: पैसा कुठल्या शब्दाला लागतो?

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. हे शब्द क्रमाने पाहू.

अवर्षणप्रवण: हा प्रदेशाचा कायमचा गुण. यातून पाणलोटाची कामे, काही योजनांत प्राधान्य असे लाभ मिळू शकतात. पण त्या वर्षीची सवलत या शब्दावर मिळत नाही.

दुष्काळसदृश: म्हणजे दुष्काळासारखी स्थिती. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्यातल्या १८० तालुक्यांत दुष्काळसदृश स्थिती असल्याचे सांगितले, तेव्हा हा शब्द घरोघरी पोचला. 'सदृश' म्हणजे नेमके काय, यावर तेव्हा खूप टीका आणि विनोद झाले.

दुष्काळ जाहीर: यासाठी शासनाचा निर्णय निघावा लागतो. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांपैकी ११२ तालुक्यांत तो गंभीर आणि ३९ तालुक्यांत मध्यम स्वरूपाचा ठरला. शिरूर आणि दौंड त्या यादीत होते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. २४ गंभीर, १६ मध्यम. त्या यादीतही पुणे जिल्ह्यातून शिरूर, दौंड, बारामती, पुरंदर आणि इंदापूर हे पाच तालुके होते. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये बाकीच्या तालुक्यांतल्या महसूल मंडळांचा विचार झाला. जिथे पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी होता, अशा मंडळांना दुष्काळसदृश ठरवून सवलती दिल्या गेल्या.

दोन्ही वर्षी तारीख ३१ ऑक्टोबरच का? कारण खरिपाच्या दुष्काळाचा निर्णय ऑक्टोबरअखेर व्हावा असे केंद्राच्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत अपेक्षित आहे. दुष्काळ जाहीर करण्यात राज्ये चालढकल करतात, या तक्रारीवरून स्वराज अभियान या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. ११ मे २०१६ च्या निकालात न्यायालयाने संहिता सुधारण्यास सांगितले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नवी संहिता आली.

तिच्यात पायऱ्या आहेत. आधी पावसाची तूट आणि दोन पावसांमधला खंड पाहतात. मग पेरणीचे क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतली ओल, धरणे आणि भूजल यांचे निर्देशांक तपासतात. शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष पिकांची पाहणी होते. त्यावरून दुष्काळ मध्यम की गंभीर हे ठरते. राष्ट्रीय आपत्ती निधीतून मदत मागायची तर 'गंभीर' हे विशेषण लागते.

पूर्वी हा निर्णय मुख्यतः पैसेवारीवर होई. गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की टंचाईचे लाभ मिळत. जुन्या लोकांच्या बोलण्यात अजूनही 'आणेवारी किती निघाली?' हाच प्रश्न असतो.

जाहीर झाल्यावर काय मिळते?

दुष्काळ जाहीर झालेल्या भागात राज्य सरकार पुढील सवलती लागू करते:

• जमीन महसुलात सूट
• पीक कर्जाचे पुनर्गठन
• शेतीशी निगडित कर्जांच्या वसुलीला स्थगिती
• कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट
• शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी
• रोजगार हमीच्या कामांच्या निकषांत शिथिलता
• गरजेप्रमाणे पिण्याच्या पाण्याचे टँकर
• टंचाईच्या गावांत थकबाकीपोटी कृषिपंपांची वीज न तोडणे

म्हणून पाबळ किंवा पडवीच्या विद्यार्थ्याने 'आमचा तालुका अवर्षणप्रवण आहे, फी माफ करा' असा अर्ज केला, तर तो टिकणार नाही. 'या वर्षी आमच्या तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला आहे' असे लिहून शासन निर्णयाची तारीख दिली, तर टिकेल.

एकाच तालुक्याची अनेक 'प्रवण' विशेषणे

'प्रवण' हा शब्द आता अवर्षणापुरता राहिलेला नाही. पुणे-अहिल्यानगर आणि पुणे-सोलापूर हे दोन महामार्ग या तालुक्यांतून जातात. अशा रस्त्यांवर 'अपघातप्रवण क्षेत्र' असे फलक दिसतात. ज्या शब्दाने इंग्रजीत आधी माणसाला दोष दिला, तो इथे रस्त्याच्या वळणाला लागला.

पावसाळ्यात पुण्याकडच्या धरणांतून पाणी सोडले की भीमाकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा मिळतो. तेव्हा अवर्षणप्रवण तालुक्यातली हीच गावे पूरप्रवण ठरतात. यात विरोधाभास नाही. पूर येतो तो घाटमाथ्यावरच्या पावसाचा. दौंडमध्ये पाऊस पडला नसला तरी भीमा दुथडी भरून वाहू शकते.

सर्वांत नवे विशेषण आहे 'बिबट आपत्तीप्रवण'. २०२४ मध्ये जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांतील दोनशेहून अधिक गावे संभाव्य बिबट आपत्तीप्रवण क्षेत्र म्हणून जाहीर झाली. कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या उसात बिबट्याला वर्षभर आडोसा मिळतो, पिल्ले तिथेच वाढतात आणि कुत्री-शेळ्यांच्या रूपाने भक्ष्यही मिळते. २०२५ च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन बळी गेले, त्यांत दोन लहान मुले होती. ज्या तालुक्याला पाणी कमी म्हणून एक 'प्रवण' लागले, त्याच तालुक्याला पाणी पोचलेल्या भागात दुसरे 'प्रवण' लागले.

मिळतेजुळते इंग्रजी शब्द

ड्राउट-हिट किंवा ड्राउट-अफेक्टेड: दुष्काळाची झळ बसलेला, दुष्काळग्रस्त. या वर्षीची घटना सांगायची असेल तर हे शब्द.

अॅरिड आणि सेमी-अॅरिड: शुष्क आणि निमशुष्क. ही हवामानाची वर्णने आहेत. शिरूर-दौंड निमशुष्क पट्ट्यात येतात. अवर्षण म्हणजे नेहमीच्या पावसापेक्षा कमी पाऊस. शुष्कता म्हणजे मुळातच कमी पाऊस.

व्हल्नरेबल: ज्याला इजा लवकर पोचते असा. दोन शेजारी एकाच अवर्षणप्रवण गावात राहतात. एकाची विहीर कालव्याखाली आहे, दुसऱ्याची माळावर. दुसरा अधिक व्हल्नरेबल आहे.

डेफिशियंट: तुटीचा. भारतीय हवामान विभागाने २०१६ पासून देशाच्या पावसाविषयी बोलताना 'ड्राउट' हा शब्द थांबवून 'डेफिशियंट इयर', म्हणजे तुटीचे वर्ष, असा वापर सुरू केला. पाऊस मोजणे हवामान विभागाचे काम, दुष्काळ ठरवणे राज्यांचे, अशी ती विभागणी आहे.

वाक्यात उपयोग

'दौंड इज अ ड्राउट-प्रोन तालुका.' दौंड हा अवर्षणप्रवण तालुका आहे. हे विधान कोणत्याही वर्षी बरोबर.

'दौंड वॉज ड्राउट-हिट इन २०१८.' २०१८ मध्ये दौंड दुष्काळग्रस्त होता. एका ठरावीक वर्षाबद्दल बोलताना असे लिहावे.

'शिरूर इज ड्राउट-प्रोन धिस इयर.' हे वाक्य चुकीचे. कल हा एका वर्षापुरता नसतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अवर्षणप्रवण तालुक्यात ऊस कसा काय पिकतो?
हे विशेषण पावसाबद्दल आहे, पाण्याबद्दल नाही. धरण घाटाजवळ, पाऊस तिकडचा, आणि शेत इकडे, असे असल्यामुळे कालव्याखाली ऊस पिकतो. घाटमाथ्यावर पाऊस कमी झाला किंवा आवर्तन चुकले की तोच ऊस सर्वांत आधी अडचणीत येतो.

धरण-कालवे झाले की तालुका या यादीतून वगळतात का?
पावसाच्या आकड्यांवर आधारलेली व्याख्या कालव्यामुळे बदलत नाही. सिंचनाने नुकसान कमी होते, पावसाचा लहरीपणा तसाच राहतो.

'ओला दुष्काळ' सरकारी भाषेत आहे का?
दुष्काळ संहितेत असा शब्द नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर ही मागणी जोरात झाली, तेव्हा राज्य सरकारने तसे सांगितले आणि दुष्काळात देतात त्याच सवलती अतिवृष्टीच्या भागाला देण्याचे जाहीर केले.

पोस्ट पुढे पाठवण्याआधी काय पाहावे?
तीन गोष्टी: मजकुरात वर्ष दिले आहे का, शासन निर्णयाची तारीख आहे का, आणि उल्लेख तालुक्याचा आहे की महसूल मंडळाचा. तिन्ही नसतील तर तो मजकूर बहुधा तालुक्याच्या स्वभावाबद्दल आहे, या वर्षीच्या मदतीबद्दल नाही. खात्री करायची असेल तर तहसील कार्यालयात आपल्या मंडळाचे नाव यादीत आहे का, एवढे विचारले तरी पुरते.